या परिचारिकेचं काय चुकलं?

शुक्रवार, दुपारचे तीन

तीर्थरूप ताईस,

आठांपैकी जेवढी अंगं अजून वाकतात तेवढ्यांनी नमस्कार. (मोजून पाहिली, साडेपाच भरली. डावा गुडघा अर्धा धरला आहे.) हे पत्र आधी भावोजींच्या हाती पडलं असेल तर त्यांनाही नमस्कार, आणि हात जोडून विनंती की त्यांनी इथेच थांबावं, पत्राची घडी घालावी आणि तुझ्या चष्म्याखाली ठेवून द्यावी. पत्रास कारण आहे, पण ते दुसऱ्याच ओळीत सांगितलं तर तू तिसरी वाचणार नाहीस, म्हणून आधी ख्यालीखुशाली. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? खोकला बरा नसावा असं वाटतं, कारण गेल्या चार महिन्यांत मी एकोणीस वेळा फोन केला, त्यातल्या सतरा वेळा त्यांनी दोनदा खोकून सांगितलं की तू आंघोळीला गेली आहेस. ताई, ज्या माणसाला खोटं बोलायच्या आधी खोकावं लागतं त्याला अशा कामाला लावू नये. शिवाय सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा अशा तीन आंघोळी एका दिवसात धरल्या तर तुझी कातडी आतापर्यंत सोलवटून निघायला हवी होती.

आमच्याकडे सगळं ठीक. तुझी भावजय बरी आहे. ती म्हणते, तोंड दाखवायची हिंमत नसलेली माणसं पत्रं लिहितात. (बरोबर बोलते. म्हणूनच लिहितोय.)

तर, पुस्तकाचं. ते तू वाचलंस हे मला ठाऊक आहे. ते कसं लिहिलं गेलं हे मात्र तुला ठाऊक नाही, आणि ते ऐकून तुझा राग कमी होईल असंही नाही, उलट वाढेल. आमचं प्रकाशन म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर हवा भरण्याचा फुसफुसाट आणि वर आम्ही. तीन कपाटं आहेत. पहिल्यात करिअरची पुस्तकं, दुसऱ्यात बालगोष्टी, तिसऱ्यात कादंबऱ्या. मालक म्हणतात, माणसाचं सगळं आयुष्य या तीन कपाटांत येतं: लहानपणी गोष्टी, तरुणपणी करिअर, आणि दोन्हीतून काही हाती लागलं नाही की कादंबरी. मी पंचवीस वर्षं दुसऱ्या कपाटाचा माणूस. अस्वलं, माकडं, एखादं रुसलेलं गाढव, एवढीच माझी दुनिया. पण गेल्या वर्षी मालकांच्या डोक्यात आलं की शाळा-कॉलेजांतून नर्सिंगच्या पुस्तकांची विचारणा होते आणि आपल्याकडे एकही नाही. त्यांनी मला बोलावलं. "तुमची बहीण नर्स ना हो? मग अर्धं पुस्तक घरातच आहे की!"

त्या क्षणी मी तुला फोन करायला हवा होता. एक फोन. तेव्हा तू आंघोळीलाही जात नव्हतीस. पण मी केला नाही, आणि का केला नाही हे लिहायला मला इतके महिने लागले. लहानपणापासून मी तुला काहीही दाखवलं की तू आधी लाल पेन्सिल शोधायचीस. आईला लिहिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांतही तू माझे चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होतेस. (पाच. पण पाचवा तुझाच चुकला होता, हे मी आजवर बोललो नाही.) मला एकदा, आयुष्यात फक्त एकदा, तुझ्या हातात छापलेलं, बांधलेलं, तुझ्याच विषयावरचं पुस्तक ठेवायचं होतं, आणि तू ते उलटंपालटं करून चूक न सापडता परत देतेस, हे बघायचं होतं. अंगापेक्षा बोंगा मोठा म्हणतात तो हाच.

या विषयातला माझा अधिकार तू जाणतेसच. अकराव्या वर्षी शाळेत लस टोचायला आले तेव्हा रांगेत माझ्या पुढे सहा मुलं असतानाच मी आडवा झालो होतो. त्या मी "इंजेक्शन देण्याचं तंत्र" हे प्रकरण लिहिलं, तेही सगळा वेळ खिडकीबाहेर बघत. प्रवेशाच्या अटी, अभ्यासक्रम, ड्यूटीच्या वेळा, गणवेशाची निगा, असं करत गाडी साठ पानांपर्यंत आली आणि रुतली. मालक म्हणाले, सगळं कोरडं वाटतं, जिवंत अनुभव घाला. आणि त्याच आठवड्यात कपाट आवरताना योगायोगाने तुझी जुनी पत्रं हाती लागली. तू ट्रेनिंगला होस्टेलवर होतीस तेव्हाची, सव्वीस पत्रं. मेट्रनबाई चादर किती ताणून घातली आहे ते हाताने थापटून बघायच्या, ते पत्र. पहिल्यांदा ताप मोजायला गेलीस आणि पेशंटऐवजी त्याच्या भावाच्या तोंडात थर्मामीटर घातलास, ते पत्र. मी एकटाच खोलीत बसून हसलो. मग त्यातलं थोडं थोडं पुस्तकात घातलं, तुझं नाव गाळून. मला वाटलं, नाव गाळलं की पुरे.

आणि मग चौदावं पत्र. त्याच्याकडे मी येतो, ताई, जरा दम धर. आधी बाइंडरचा घोळ सांगतो, कारण तो विनोदी आहे, आणि मला थोडी उसंत हवी आहे.

पुस्तकं एकाच वेळी तीन छापली: माझं नर्सिंगचं, माझ्याच अस्वलाच्या गोष्टी, आणि आमच्या कादंबरीकार काकूंची नवी कादंबरी. तिन्हींचा आकार एक, कागद एक. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांनी बनतं हे तुला माहीत नसेल. ते फॉर्म एकावर एक रचून बाइंडर शिवतो. आमच्या बाइंडरमामांची नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांनी पाचशे-पाचशे प्रतींत तिसरा फॉर्म फिरवला. नर्सिंगचा गेला अस्वलात, अस्वलाचा गेला कादंबरीत आणि कादंबरीचा गेला नर्सिंगमध्ये. पानांचे आकडे मात्र बरोबर, तेहतीस ते अठ्ठेचाळीस, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. काकूंच्या कादंबरीत बत्तिसाव्या पानाच्या तळाशी नायकाने नायिकेचा थरथरता हात हाती घेतला आणि तेहतिसाव्या पानावर तो मधात बुडवून चाटूनपुसून साफ केला. मग ढेकर दिली आणि झाडावर चढून गेला. काकू दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. (तिसऱ्या दिवशी एका वाचकाचं पत्र आलं की नायकाची व्यक्तिरेखा प्रथमच इतकी मोकळी वाटली. तेव्हापासून मुळीच बोलत नाहीत.) नर्सिंगच्या पुस्तकात "रुग्णाला कुशीवर वळवताना परिचारिकेने प्रथम" इथे पान संपतं, आणि पुढच्या पानावर ती त्याच्या डोळ्यांत खोल बघून विचारते, मला विसरणार तर नाहीस ना?

पाचशे प्रती अशा. उरलेल्या पंधराशे अगदी बिनचूक. आणि माझं नशीब बघ: तू जिथे शिकवतेस त्या नर्सिंग कॉलेजात पोचल्या त्या बिनचूक. आयुष्यात एकदा चुकीचं पुस्तक योग्य जागी पोचायला हवं होतं, तर नेमकं बरोबर पुस्तक पोचलं.

मी तुला प्रत पाठवली नव्हती, कारण रविवारी स्वतः आणून देणार होतो. तीन रविवार मी येणारच होतो. चौथ्या रविवारच्या आधी पुस्तक तुझ्या टेबलावर आलं, तेही पुस्तक म्हणून नव्हे, तर पहिल्या वर्षाच्या चौतीस मुलींच्या वह्या म्हणून. तुझ्या सहकारी बाईंनी वर्गात पुस्तकातला स्वाध्याय दिला, आणि त्या रजेवर गेल्या म्हणून वह्या तपासायला तुझ्याकडे आल्या. हे मला भावोजींनी अठराव्या फोनला सांगितलं. त्या वेळी ते खोकले नाहीत, त्यावरून मी ओळखलं.

चौदावं पत्र मी जसंच्या तसं छापलं होतं. अठ्ठेचाळिसाव्या पानावर तुझे शब्द आहेत: "दुपारची ड्यूटी होती. बारा नंबरच्या कॉटवरची सहा वर्षांची पोरगी सकाळपासून मागे लागली होती, सिस्टर, गोष्ट सांगा. मी म्हणाले, एवढी कामं उरकू देत, मग तुलाच सांगते. ती म्हणाली, मोठी सांगा हं. मधेच मला एका पेशंटबरोबर ऑपरेशन थिएटरला पाठवलं. दोन तासांनी आले, हात धुतले आणि तिच्या कॉटपाशी गेले." आणि एकोणपन्नासाव्या पानावर, सगळ्यात वर: "चादर बदललेली होती."

ताई, ते प्रकरण होतं "वेळेचं नियोजन". तीन शब्दांच्या त्या ओळीखाली मी एक चौकट आखली, तिच्यात लिहिलं की कामांचा प्राधान्यक्रम ठरवणं हा यशस्वी परिचारिकेचा गुण आहे, आणि चौकटीखाली, कारण करिअरच्या पुस्तकात स्वाध्याय लागतोच, प्रश्न तिसरा: "या परिचारिकेचं काय चुकलं? दोन ओळींत लिहा."

लिहिताना मला काहीच वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट. मुद्रितं तपासली तेव्हा त्या पानावर मी फक्त "परिचारिकेचं"वरचा अनुस्वार नीट उठलाय ना, एवढं बघितलं. तुझ्यासाठी.

भावोजी सांगत होते, तू जेवणाच्या टेबलावर वह्या घेऊन बसलीस. तेहतीस मुलींनी लिहिलं होतं की तिने कामांचा क्रम चुकवला, गोष्ट आधी सांगायला हवी होती, किंवा खोटं आश्वासन द्यायलाच नको होतं. तू सगळ्या वाचल्यास. एकीने फक्त "प्रश्न चुकला आहे" असं लिहिलं होतं. तू चौतीसही जणींना पूर्ण गुण दिलेस, पेन्सिल खाली ठेवलीस आणि भावोजींना म्हणालीस, "त्याचा फोन आला तर मी आंघोळीला गेलेय."

इथवर वाचलं असशील तर पाणी पी. मीही पितो.

आता गेल्या मंगळवारचं. फिरलेल्या फॉर्मांचा बोभाटा झाल्यावर मालकांनी मला पिशवी दिली आणि सदोष प्रती परत आणायला पिटाळलं. "अस्वल तुमचंच आहे," म्हणाले, "तुम्हीच पकडून आणा." वाचनालयांतून आणल्या, दोन दुकानांतून आणल्या, आणि मंगळवारी एका प्राथमिक शाळेत गेलो. तिसरीचा वर्ग, वीस प्रती. वर्गाच्या बाई मोठ्या आनंदाने पुढे आल्या. पुस्तक फारच उपयुक्त आहे म्हणाल्या, मुलांची नखं आता दर सोमवारी आपोआप कापलेली असतात. (नर्सिंगच्या पुस्तकातल्या चौतिसाव्या पानाचा प्रताप: "ड्यूटीवर येताना नखं कापलेली असावीत." माझ्या गोष्टींतलं माकड ड्यूटीवर जातं, यात वर्गाला काहीच वावगं वाटलं नव्हतं.) एका मुलाने तर खडूचा ताप मोजून वहीत तक्ताही केला होता. मी पिशवी उघडली आणि सांगितलं की बाळांनो, या पुस्तकांत चूक झाली आहे, ही परत करा, मी नवी आणून देतो. एकाही पोराने पुस्तक सोडलं नाही. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी तर पुस्तकावर बसलीच.

बसल्या बसल्या तिने विचारलं, "अस्वलवाले काका तुम्हीच?"

मी हो म्हणालो.

"मग गोष्ट ऐकून ती मुलगी झोपली का?"

मला कळेना कुठली मुलगी. माझ्या गोष्टींत मुलीच नाहीत, सगळी जनावरं. मग तिने उठून पुस्तक उघडून दाखवलं. ताई, मी ते पान कधी तसं पाहिलंच नव्हतं. डाव्या हाताला अठ्ठेचाळिसावं पान, तुझं, नर्सिंगच्या फॉर्मातलं शेवटचं: "हात धुतले आणि तिच्या कॉटपाशी गेले." आणि उजव्या हाताला एकोणपन्नासावं, माझं: "एका डोंगरात एक अस्वल राहायचं. एकदा त्याची झोपच हरवली."

मधे काहीच नाही. चादर नाही, चौकट नाही, प्रश्न नाही. सिस्टरने सांगितलं होतं गोष्ट सांगेन, काम उरकून ती आली, कॉटपाशी गेली आणि तिने गोष्ट सांगितली. मोठी. सोळा पानांची. त्या वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी हे असंच घडलेलं आहे, त्यात शंकेला जागा नाही. भिंतीवर एक चित्र लावलं होतं. कॉटवर मुलगी, खिडकीतून डोकावणारं अस्वल, आणि शेजारी स्टुलावर डोक्यावर होडीसारखी टोपी घातलेली सिस्टर. बसलेली. इतक्या वर्षांत तू कामाच्या जागी बसलीस असं मी एकदाही ऐकलेलं नाही; त्या पोरांनी बसवलंय.

दातपडकी माझ्याकडे बघत होती. मी पंचवीस वर्षं मुलांसाठी लिहितो, झोपली म्हणायला माझं काय जात होतं? पण मी म्हणालो, "मला माहीत नाही. मी विचारलंच नाही."

"मग विचारा ना," ती म्हणाली. इतकं सोपं.

रिकामी पिशवी घेऊन जिना उतरलो तेव्हा मला तुझ्या चौदाव्या पत्राला मी पाठवलेलं उत्तर आठवलं. तुला आठवत असेलच. मी सतरा वर्षांचा होतो. लिहिलं होतं की माझी सायकल पंक्चर झाली, गणिताचे सर खडूस आहेत, आणि तू येताना निळ्या शाईची दौत आण, काळी नको. त्या मुलीविषयी एक अक्षर नाही. तू कशी आहेस, एवढंही नाही. तू सुट्टीत आलीस तेव्हा दौत आणलीस, निळी. आणि पंधराव्या पत्रापासून तू मला फक्त गमती लिहायला लागलीस. ते मला आता, बावन्नाव्या वर्षी, शाळेच्या जिन्यात कळलं. सगळी चूक त्या स्वाध्यायाची नाही, ताई. प्रश्न विचारायची वेळ तेव्हा होती आणि मी शाई मागितली. आणि जेव्हा विचारला तेव्हा तो असा विचारला.

मालकांना सांगितलं, मुलांनी प्रती दिल्या नाहीत. ते म्हणाले, तुम्ही मागितल्या का? मी म्हणालो, एकदा मागितल्या. त्यांनी रिकामी पिशवी घडी करून ठेवली आणि म्हणाले, चहा घ्या.

माफ कर असं लिहिणार होतो, पण तो शब्द लिहून बघितला तेव्हा फारच लहान दिसला, म्हणून खोडला. (वर गिचमीड दिसते ती तीच.) भावोजींना नमस्कार, भाचेमंडळींना माझी आठवण सांग, सांगावीशी वाटली तर.

तुझा,
शाई मागणारा

ता. क. वर "योगायोगाने पत्रं हाती लागली" असं लिहिलं आहे ते खोटं आहे. पत्रं कुठे आहेत ते मला कायम माहीत होतं. चौदाव्यात काय आहे, हेही. जिवंत अनुभव हवा म्हटल्याबरोबर मी सरळ तेच काढलं.

ता. क. २. पाकीट जाड का, हे कळलं असेलच. सव्वीसही पत्रं सोबत आहेत. मी नक्कल ठेवलेली नाही. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरणच नाही. मालकांना म्हणालो, तेवढी पानं कमी करा, ते म्हणाले सूची बदलावी लागेल, मी म्हणालो बदला. अस्वलाच्या त्या वीस प्रती मात्र मी आणणार नाही.

ता. क. ३. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. वर्गाच्या बाई मागे धावत फाटकापर्यंत आल्या होत्या. मुलांना सिस्टरना बघायचं आहे, येत्या नाही, त्यापुढच्या बुधवारी दुपारी त्या येतील का, असं विचारत होत्या. पूर्वीचा मी असतो तर येईल की म्हणून मोकळा झालो असतो आणि तुला आदल्या दिवशी कळवलं असतं. मी म्हणालो, तिला विचारावं लागेल. तर ताई, आधी विचारतोय: येशील का? तिथे काय सांगायचं, खरं की अस्वल, ते तुझं तू ठरव, मी बाहेर व्हरांड्यात बसेन. यायचं नसेल तर एका कार्डावर "नाही" एवढंच लिही. मी "का?" असं विचारणार नाही, आणि बुधवारी एकटाच जाऊन त्या मुलीला सांगेन की विचारलं होतं.